ओल्या कपड्यांतला पाहुणा

बाप्तिस्म्याला निघायची वेळ झाली तरी बाळाचं नाव ठरलेलं नव्हतं. झगा इस्त्री करून तयार होता, होडीतलं पाणी उपसून झालं होतं, सायीच्या लापशीचं पातेलं चुलीच्या कडेला सरकवलं होतं. नाव तेवढं राहिलं होतं आणि त्या एका गोष्टीपायी कालपासून घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं.

तोर्बोर्ग खिडकीपाशी बसून झग्याच्या गळ्याला शेवटचा टाका घालत होती. खरं तर टाका कालच घालून झाला होता. ती तो उसवून पुन्हा घालत होती, कारण हात रिकामे दिसले असते तर कुणीतरी हटकून विचारलं असतं, "तुझं काय म्हणणं?" ती घरातली थोरली. लग्न केलं नाही, शिवणावर स्वतःचं पोट भरलं, आणि आज धाकट्या बहिणीच्या मुलाला हातांवर घेऊन पाद्रीबुवांपुढे उभी राहणार होती तीच. बाळंतिणीने त्या दिवशी घरीच थांबायचं, अशी त्यांच्याकडची जुनी रीत. पाद्री नाव विचारतो ते मूल धरणाऱ्या बाईला, आणि ती सांगेल ते नाव जन्मभराचं.

"एंगेब्रेट," हाल्वोर म्हणाला. तोर्बोर्गचा हा पाठचा भाऊ खाणीत मुकादम होता, पण परवापासून सैन्याच्या वर्दीत होता. जेवण आटोपून त्याला सीमेवर हजर व्हायचं होतं. "बाबांचं नाव. त्यात विचार कसला करायचा?"

"पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव देतात, दादा," आतल्या खोलीतून गुद्रुनचा आवाज आला. "तुझ्या मोठ्याला नाही का बाबांचं नाव दिलंस? तेव्हा बरी आठवली रीत."

हाल्वोरचा तो मुलगा दोन वर्षांचा होऊन घटसर्पाने गेला होता. गुद्रुनलाही आपण काय बोललो ते कळलं असावं.

"म्हणूनच," हाल्वोर सावकाश म्हणाला. "म्हणूनच ते नाव पुन्हा घरात यायला पाहिजे. आणि दुसरं जे नाव तू म्हणतेस, ते जूनपासून या खाडीकाठी कुणी कुत्र्यालासुद्धा ठेवत नाही."

"माझे सासरे दगड फोडायचे. राज्य नव्हते करत!"

दुसरं नाव ऑस्कर. गुद्रुनचा सासरा ऑस्कर खाडीपलीकडचा, म्हणजे स्वीडनचा. आणि जूनमध्ये नॉर्वेने ज्या स्वीडिश राजाला 'तू आता आमचा राजा नाहीस' म्हणून कळवलं, तोही ऑस्करच. १९०५ साल निघालं तेच असं विचित्र. फेब्रुवारीत एंगेब्रेट आणि ऑस्कर, दोन्ही म्हातारे खाडीत बुडून गेले. जूनमध्ये दोन देशांनी नव्वद वर्षांचा संसार मोडला. ऑगस्टमध्ये गावोगावच्या पुरुषांनी मत टाकून त्या काडीमोडावर शिक्का मारला, आणि त्याच महिन्यात गुद्रुनला मुलगा झाला. आता सप्टेंबरात मोठी माणसं कुठेशी टेबलाभोवती बसून भांडत होती, आणि सीमेच्या दोन्ही अंगांना पोरं बंदुका घेऊन पडून होती. गुद्रुनचा नवरा एलोफ याच खाणीत काम करायचा, याच घरात राहायचा. त्याला पलीकडून बोलावणं आलं आणि तो गेला. न जाऊन सांगतो कुणाला!

जाताना तो गुद्रुनला म्हणाला होता, "मुलाला माझ्या बाबांचं नाव दिलंत, तर मला परत यायला घर आहे असं मी समजेन." पुढचं बोलला नव्हता. गरजही नव्हती.

"दोन्ही नावं ठेवा की," तोर्बोर्गने काल एकदा म्हणून पाहिलं होतं.

"अर्धं नाव दिलं की मेलेलं माणूस उंबऱ्यावरच अडकतं," आई म्हणाली होती. "एक काय ते पुरं द्या."

आई, म्हणजे मार्ते, आत्ताही चुलीपाशी पाठ करून उभी होती. डाव लापशीत फिरत होता, पण लक्ष तिथे नव्हतं.

"गुद्रुनच्या स्वप्नात तो येतो," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "ऑस्कर. माझा माणूस कुणाच्याच स्वप्नात येत नाही."

बाई गरोदर असताना मेलेलं माणूस स्वप्नात आलं, तर ते नाव मागायला येतं, हे खाडीच्या दोन्ही काठांवर सगळ्यांना ठाऊक होतं. आणि गुद्रुनच्या स्वप्नात उन्हाळाभर ऑस्कर येत होता. दारात उभा राहायचा. कपड्यांतून पाणी निथळायचं, फरशीवर थारोळं व्हायचं. आत या म्हटलं तर हलायचा नाही.

"बायकांची स्वप्नं!" हाल्वोर उसळला. "रात्री खारवलेले मासे चापून खायचे आणि सकाळी मेलेल्यांचे निरोप सांगायचे. त्यावरून आता घराण्याची नावं ठरणार का?"

"तुला नाही पडत, म्हणून," मार्ते म्हणाली.

"नाही पडत, आणि नकोत."

तेवढ्यात धक्क्यावर वल्ही आपटल्याचा आवाज आला. तोर्बोर्गने खिडकीतून पाहिलं आणि सुई खाली ठेवली. काळ्या कपड्यांतली एक जाडजूड बाई होडीतून उतरत होती. एका हातात झाकणाची रंगवलेली लाकडी बादली, दुसऱ्या हाताने घागरा वर धरलेला. ऑस्करची बायको बेआटा.

"ही कशी आली?" हाल्वोर दाराकडे धावला. "सीमा बंद आहे!"

"वल्हवत आले," बेआटा पायऱ्या चढत म्हणाली. तिला धाप लागली होती. "माशांनी काही अडवलं नाही. आणि तुमच्या शिपायाला मी लहानपणी शेंबूड पुसायला शिकवलंय, तो काय अडवणार? सरक जरा. नातवाला लापशी आणलीय."

हाल्वोर सरकला. वर्दी असली तरी बेआटापुढे न सरकण्याची सोय नव्हती. ती आत आली, बादली टेबलावर ठेवली, आणि दोन विधवा फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा समोरासमोर उभ्या राहिल्या. एकेकाळी या दोघी एका परातीत पीठ मळायच्या.

"ये," मार्ते म्हणाली. बस म्हणाली नाही.

"नाव काय ठेवताय?" बेआटाने विचारलं.

मार्ते पुन्हा लापशी ढवळायला लागली. बेआटाने सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं आणि तिला जे कळायचं ते कळलं. "मार्ते, मी भांडायला नाही आले. पण माझा माणूस तुझ्या माणसाला वाचवताना गेला. त्याला नाव नाही मिळालं तर—"

"तुझा माणूस?" मार्तेच्या हातातला डाव खाली पडला. "माझा माणूस गेला तुझ्याला काढायला! सगळ्या गावाला ठाऊक आहे. विचार, विचार तोर्बोर्गला. ती होती तिथे."

दोघी तोर्बोर्गकडे वळल्या.

"वेळ होतेय," तोर्बोर्ग म्हणाली. तिने झगा उचलला आणि बाळाला घ्यायला आतल्या खोलीत गेली. आपले कान तापल्याचं तिला जाणवत होतं.

आत गुद्रुन बिछान्यात उठून बसली होती. पाळण्यातलं बाळ तिने स्वतः उचलून बहिणीच्या हातांत दिलं. तो पाळणाही ऑस्करनेच केलेला, बर्चच्या लाकडाचा. फेब्रुवारीत दोघं म्हातारे बर्फावरून घसरगाडीवर घालून तोच पाळणा आणत होते. गुद्रुनला दिवस गेल्याचं नुकतं कुठे कळलं होतं, आणि दोघांनाही धीर निघाला नाही.

"ताई," गुद्रुन हळूच म्हणाली, "दादाने काल मला सांगितलंय. ऑस्कर नाव घेऊन मूल परत आलं, तर या घरात नाही यायचं. आणि एंगेब्रेट घेऊन आलं, तर एलोफ नाही यायचा. मी काय करू ते तूच सांग."

"तू काही करायचं नाहीस. तू पडून राहा."

"तू काय सांगणार आहेस तिथे?"

तोर्बोर्गने बाळाची टोपी नीट केली, पुन्हा नीट केली. "मला अजून ठाऊक नाही गं," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

पलीकडची म्हणून बेआटा घरीच थांबणार होती, आणि मार्तेही चर्चला येणार नव्हती. रस्त्याने फार लांब पडायचं आणि होडीत तिने फेब्रुवारीपासून पाय ठेवला नव्हता. निघताना तिने तोर्बोर्गच्या दंडाला धरलं. "एंगेब्रेट," ती म्हणाली. "मी दुसरं काही मागितलंय का तुझ्याकडे कधी?"

नव्हतं मागितलं. तेच तर कठीण होतं.

हाल्वोर वल्हवत होता. खाडी अगदी शांत होती. पलीकडच्या काठावर घरांमागे धूर दिसत होता, आणि त्या घरांच्या मागे कुठेतरी एलोफ. हाल्वोर त्या बाजूला मुद्दाम बघत नव्हता. तोर्बोर्गला मात्र पाण्याकडेच बघावं लागत होतं, आणि ओढ्याच्या तोंडापाशी होडी आली तेव्हा तिने बाळाला छातीशी घट्ट धरलं.

इथेच. त्या दिवशी ती कपडे वाळत घालायला काठावर आली होती. ऑस्करकाका पुढे होते, हातात काठी, बर्फ ठोकत ठोकत येत होते. ते खडकावर चढलेसुद्धा. बाबा घसरगाडी ढकलत मागे होते, आणि त्यांनी वळसा घ्यायचा आळस केला. सगळ्या खाडीला ठाऊक होतं की ओढ्याच्या तोंडाशी बर्फ पातळ असतो, पण घर डोळ्यांपुढे दिसायला लागलं की माणूस थांबत नाही. घसरगाडी बर्फावरच राहिली. बर्फ फुटला आणि बाबा पाण्यात गेले. ऑस्करकाका वळले. तोर्बोर्ग माणसं बोलवायला धावली, आणि माणसं घेऊन आली तेव्हा भोकाच्या कडेला फक्त काठी होती.

घरी आल्यावर आईने तिला काही बोलूच दिलं नाही. "ते ऑस्करला काढायला गेले ना? हो ना? ते तसेच होते." तोर्बोर्गने होकाराची मान हलवली. तेवढंच तिने केलं. आईने त्या मानेवर सगळा उन्हाळा काढला.

आणि जूनमध्ये खाणीत झेंडा लागला, तेव्हा हाल्वोर एका दगडावर चढून म्हणाला होता, "माझा बाप स्वीडिश माणसाला वाचवताना मेला. आम्ही नॉर्वेची माणसं अशी आहोत!" टाळ्या पडल्या. तोर्बोर्गही त्या गर्दीत होती. देशाबद्दल तिला कमी वाटत होतं असं नाही. ऑगस्टमध्ये बायकांना मत नव्हतं, तेव्हा घरोघर फिरून त्यांच्या सह्या गोळा करणाऱ्यांत ती होती. पण त्या टाळ्या संपायच्या आत ती गर्दीतून निघून घरी आली होती.

चर्च भरलं होतं. अर्धे पुरुष वर्दीत होते. जूनच्या आधी दर रविवारी याच व्यासपीठावरून राजा ऑस्करसाठी प्रार्थना व्हायची. जूनपासून पाद्रीबुवांनी ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. सगळं नेहमीसारखं पार पडलं आणि शेजारपाजारचे धर्ममाता-धर्मपिते बाप्तिस्म्याच्या पात्राभोवती उभे राहिले. हाल्वोर तोर्बोर्गच्या अगदी खांद्याला लागून होता. बाळाची टोपी काढली तेव्हा ते जागं झालं, पण रडलं नाही. त्याने तोर्बोर्गकडे बघत तोंडाचा चंबू केला.

"या मुलाचं नाव काय?" पाद्रीबुवांनी विचारलं.

आईचं तोंड तिच्या डोळ्यांपुढे आलं. मग खडकावर पोचलेला, कोरडा, काठी हातात असलेला एक म्हातारा आला, ज्याला घरी जाऊन कॉफी प्यायला काहीही हरकत नव्हती.

"ऑस्कर," तोर्बोर्ग म्हणाली.

बाकांवर कुणीतरी खोकलं. मग कुजबुज मागपर्यंत गेली. पाद्रीबुवांचा हात पाण्यावर तसाच राहिला.

"मला नीट ऐकू आलं का, कुमारी तोर्बोर्ग?"

"ऑस्कर," ती मोठ्याने म्हणाली. "त्याच्या आजोबांचं नाव आहे."

पाद्रीबुवांनी हाल्वोरकडे पाहिलं. हाल्वोर पांढराफटक पडला होता. जबडा आवळलेला, पण गावासमोर, देवासमोर, वर्दीत तो काय करणार? पाणी बाळाच्या डोक्यावर पडलं आणि ऑस्करने असा टाहो फोडला की पुढची कुजबुज कुणाला ऐकू आली नाही.

बाहेर आल्यावर हाल्वोर कुणाशी न बोलता दफनभूमीच्या कोपऱ्यात, बाबांच्या थडग्याशी जाऊन उभा राहिला. तोर्बोर्ग मागोमाग गेली. बाळ तिच्या खांद्यावर हुंदके देत झोपलं होतं.

"गावासमोर तोंडघशी पाडलंस मला," तो म्हणाला. "इथे, यांच्यासमोर."

"बाबा आधी पडले, हाल्वोर."

"काय?"

"बर्फातून. आधी बाबा पडले. ऑस्करकाका काठावर पोचले होते. मी बघितलं. ते मागे वळले."

हाल्वोरने तिच्याकडे पाहिलं, मग थडग्याकडे. "खोटं बोलतेस."

"बाबा ओरडत होते, 'ऑस्कर, येऊ नकोस! येऊ नकोस म्हणतो ना!' हे मी या कानांनी ऐकलं. तरी ऑस्करकाका गेले. माझ्याकडे वळून बघितलंसुद्धा नाही त्यांनी."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"आईने विचारलं, मी मान हलवली. मला वाटलं, तिच्या जिवाला तेवढाच आधार. मग तू तोच होकार उचलून खाणीत भाषण केलंस, आणि माझी वाट बंद झाली."

तो खाली बसला. वर्दीच्या गुडघ्यांना माती लागली, त्याला दिसलीही नाही. बराच वेळ तो गवत उपटत राहिला.

"येऊ नकोस म्हणाले," तो मग पुटपुटला.

"हो."

"हे तर त्यांचंच. जेवायला बसतानाही सगळ्यांना वाढल्याशिवाय बसायचे नाहीत." त्याने बाहीने नाक पुसलं. "आईला सांगणार तू?"

"मी होऊन नाही सांगणार. पण विचारलं तर आता दुसऱ्यांदा मान हलवता यायची नाही मला."

"ती विचारणार. दारातच विचारेल. हे नाव ऐकल्यावर ती आणखी काय विचारणार?"

परत येताना तो वल्ही जोराजोरात मारत होता, आणि ओढ्याच्या तोंडापाशी आल्यावर मात्र त्याने ती पाण्याबाहेर काढली. होडी आपोआप त्या जागेवरून सरकत गेली.

घराच्या दारात मार्ते उभी होती. तिच्या मागे बेआटा, आणि त्यांच्या मागे, रीत झुगारून बिछान्यातून उठलेली गुद्रुन, दाराची चौकट धरून. तोर्बोर्गने उंबऱ्यावर बाळ तिच्या हातांत दिलं आणि रीतीप्रमाणे म्हणायचं ते म्हटलं, "नेताना बिनधर्माचं नेलं होतं, ख्रिस्ती करून परत आणलंय. घे तुझं लेकरू."

गुद्रुनने बाळाला घेतलं, पण डोळे बहिणीच्या तोंडावरून हलवले नाहीत.

"नाव?" मार्तेने विचारलं.

तोर्बोर्गने तोंड उघडलं.

"ऑस्कर," हाल्वोर म्हणाला. तो तिला मागे सारून पुढे आला होता.

गुद्रुनच्या तोंडून काहीतरी आवाज निघाला. बेआटाने हात तोंडावर ठेवला. मार्ते मात्र तशीच उभी राहिली, फक्त जरा बारीक झाल्यासारखी दिसली. "तू होतास ना तिथे?" ती मुलाला म्हणाली. "तू होतास आणि तू हे होऊ दिलंस? का? काय झालं असं? तोर्बोर्ग, तू सांग मला. काय झालं?"

"बाबा आले होते," हाल्वोर म्हणाला.

"कुठे?"

"स्वप्नात. काल रात्री, माझ्या." त्याचे कान लालबुंद झाले होते. खाणीत दगडावर चढून गावाला भाषण देणारा हा माणूस, पण शब्द एकेक करून ओढून काढावे लागत होते. "सकाळी सांगायची लाज वाटली. मीच बोललो होतो ना, बायकांची स्वप्नं म्हणून."

मार्ते पुढे आली. तिने त्याच्या वर्दीची बाही धरली. "काय म्हणाले?"

"म्हणाले, आधी ऑस्करला द्या. मला घाई नाही."

"घाई नाही," मार्ते म्हणाली. "असंच म्हणाले?"

"असंच. मग मी काय करणार, आई? ताईला मीच सांगितलं."

तोर्बोर्ग भावाकडे बघत राहिली. लहानपणापासून तो तिच्याशी खोटं बोलत आला होता आणि एकदाही त्याला धड जमलं नव्हतं. आत्ताही जमत नव्हतं. पण बेआटा खाली मान घालून रंगवलेल्या बादलीच्या झाकणाशी चाळा करत राहिली.

मार्तेने बाही सोडली नव्हती. तिचे ओठ दोनदा हलले आणि मिटले. काहीतरी तिला विचारायचं होतं, आणि उत्तराची भीती वाटत होती.

"कपडे?" ती शेवटी म्हणाली. आवाज निघालाच नाही जवळजवळ. "कपडे ओले होते का रे त्यांचे?"

हाल्वोरने बाहीवरच्या तिच्या हातावर आपला हात ठेवला, आणि तेवढं मात्र खोटं नव्हतं.

"नाही, आई," तो म्हणाला. "कोरडे होते. तू विणलेला निळा स्वेटर होता अंगात. अगदी कोरडा होता."

मार्तेने डोळे मिटले. उघडले तेव्हा ती बेआटाकडे वळली. "उभी काय राहिलीस? बस ना," ती म्हणाली. "लापशी गार होतेय तुझी."

मग तिने गुद्रुनपुढे हात केले.

"दे इकडे," ती म्हणाली. "बघू दे मला ऑस्करला."